आमसुलाचं पाणी

आमच्या आळीत कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाची शिलाई मशीन अडकली, की अजूनही एखादी म्हणतेच, "मंदीला बोलवा गो! येताना आमसूल घेऊन ये म्हणावं." सगळ्या हसतात. मीही हसते. नाही हसले तर म्हणतील, हिला अजून झोंबतंय.

झोंबतं. कारण ते आमसूल मी लावलंच नव्हतं. वसंतकाकांनी लावलं होतं. काका होते तेव्हा माझी जीभ उचलली नाही, आणि आता काका गेले. गेलेल्या माणसाचं उणं काढलं तर लोक आपल्यालाच नावं ठेवतात. चार माणसांत मला पहिल्यापासूनच बोलता येत नाही. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तर मला रडू फुटलं होतं. त्याच वर्षी शाळा सुटली. लिहिताना मात्र समोर कुणी बघत नसतं, म्हणून काकांबद्दल जे आहे ते लिहून ठेवते. चांगलंही लिहिणार आहे. ते लिहिलं नाही तर वाईट काय होतं ते कळणार नाही.

काकांची वाडी मांडव्याच्या जेट्टीपासून चालत जाण्याजोगी. नारळ, सुपारी, मागे विहिरीपाशी कोकमाची झाडं, मधे कौलांचं घर. काका मुंबईत टेलिफोनच्या नोकरीत होते, रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन वाडीत कायमचे आले. तेव्हापासून मी तिथे स्वयंपाकाला आणि वरकामाला. माणूस उंच, थोडा वाकलेला. अंगात बंडी, चष्म्याला दोरा, आणि इतर लोक पेन लावतात त्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. जेवायला बसले तरी तो खिशातच. काकू म्हणायच्या, "अहो, वरणात पडेल एक दिवस." काका म्हणायचे, "पडला तर गंजणार नाही, स्टीलचा आहे."

वाडीतून समुद्र दिसत नाही, पण त्याचा खारा वारा सगळं खातो. कुलपं, बिजागऱ्या, शेगडी, पंख्याची पाती. काकांचा सगळा जन्म त्या गंजाशी भांडण्यात चालला होता. शनिवारी सकाळी खोबरेलाची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन घरभर फिरायचे आणि प्रत्येक कडीकोयंड्याला तेल द्यायचे. मी मागून फडका घेऊन. एखाद्या खिळ्यावर तांबूस डाग दिसला तर असे रागवायचे, जसा काही तो खिळा शाळा बुडवून आला आहे.

आणि वस्तू उघडायच्या. त्यांना वस्तू उघडल्याशिवाय चैन पडायचं नाही. घड्याळ, इस्त्री, पंप, शेजाऱ्यांचा टीव्ही. ओटीवर वर्तमानपत्र पसरायचं, पाट घ्यायचा, शेजारी स्टीलचं ताट ठेवायचं आणि हाक मारायची, "मंदे, विजेरी!" हातातलं पीठ धुऊन मी विजेरी धरायला जायची. काका एकेक स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवायचे, मी तो ताटात लावायची. ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, कडेने गोल. "उघडलं की कळतं," असं काका प्रत्येक वेळी म्हणायचे. विजेरी हलली की म्हणायचे, "मंदे, तू पळसाच्या पानावर जेवायला बसली नाहीस, नीट धर." त्याचा अर्थ मला कधी कळला नाही, पण हसू यायचं.

मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मिक्सर जळला होता. खोबरं वाटत होते, एकदम धूर आला आणि जळका वास सुटला. आधी एका बंगल्यात कपाची कड उडाली म्हणून मला काढलं होतं. काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सुकं वाटलंस काय? पाणी नाही घातलंस?" तेवढ्यात काका आले, मिक्सर उचलून ओटीवर घेऊन गेले आणि मला हाक मारली. मला वाटलं, आता निघायला सांगणार. त्यांनी विजेरी हातात दिली. मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले आणि आतली एक काळी पडलेली तार मला दाखवली. "ही बघ. ही आधीपासून उसवलेली होती. आज ना उद्या जळणारच होती." मग काकूंना बाहेर बोलावून तीच तार त्यांनाही दाखवली. "मंदाचा काही दोष नाही. माणूस सांगेल काहीही, यंत्र खोटं बोलत नाही."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात रडले. माझ्यासाठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. आमचे हे तर माझ्या बाजूने बोलायचं सोडा, माझ्या बाजूला बसतसुद्धा नव्हते. तेव्हापासून काका म्हणजे माझ्या मनात एक जागा झाली. त्या जागेबद्दल आता काय लिहू.

काकांचं एक होतं, ते तेव्हाही दिसत होतं पण आम्ही हसण्यावारी न्यायचो. काकांच्या हातून काही बिघडलं असं कधी होत नसे. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उघडलं आणि नंतर ते एक वाजता सात ठोके द्यायला लागलं. काका म्हणाले, "स्प्रिंगच हलकी. माल खराब." इस्त्री उघडली, ती परत तापलीच नाही. "माल खराब." काकू मला डोळा मारायच्या. "मंदा, आज भाजी खारट झाली तर काय म्हणायचं?" मी हळूच म्हणायची, "माल खराब." आत आम्ही पदर तोंडात धरून हसायचो आणि ओटीवर काका निर्धास्त. दोष वस्तूवर गेला की कुणाचं काही जात नाही, असंच मला वाटायचं.

काकू गेल्या तेव्हा पाहुणे भरले होते आणि काका त्यांच्या औषधाच्या कपाटाचं कुलूप उघडून बसले होते. ते चांगलं चालत होतं. कुणीतरी म्हणालं, आता राहू द्या हो. काका ऐकेनात. मी विजेरी घेऊन बसले. भर दुपार होती, विजेरीची गरज नव्हती, तरी लावून बसले. तेरावं झाल्यावर त्यांनी काकूंच्या कमरेची मागच्या दाराची चावी माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे असू दे. मी कुठेतरी ठेवून विसरेन. तुला कळतं."

ती चावी मी सेफ्टी पिनने मंगळसूत्रात अडकवायची. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट छोटी वाटेल. आमच्याकडे मुंबईवाल्यांचे बंगले खूप. शनिवार-रविवार ते येतात, बाकी दिवस बंगले बंद. कुणाला चावी सोपवायची याची सगळ्यांनाच काळजी. वसंतकाकांच्या वाडीची चावी हिच्याकडे असते म्हटल्यावर आणखी दोन बंगल्यांनी माझ्याकडे चाव्या दिल्या. सासरी माझी जाऊ मला "अगो ए" म्हणायची, ती "मंदावैनी" म्हणायला लागली. मला घरात काय, गावात काय, कुठे आवाज नव्हता. त्या चाव्या माझ्या जागी बोलायच्या.

आणि काका मला चार लोकांत मान द्यायचे. एकदा शेजारच्या बंगल्याचे साहेब पंप घेऊन आले. काकांनी तो उघडला, जोडताना एक वायसर उरला. साहेब म्हणाले, "आता हा कुठला?" काका म्हणाले, "मंदाला विचारा. तिनेच ताटात लावलेत, तिला कळतं." साहेब माझ्याकडे बघून हसले. मी बोट दाखवलं. काकांनी तो तिथे बसवला आणि म्हणाले, "बघा!" पंप सुरू झाला नाही, तो भाग वेगळा. माल खराब होता.

मग काकांची मुलगी, अनघाताई, वाडीत राहायला आली. नवऱ्याशी पटलं नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. तिचं काम कॉम्प्युटरवर होतं, ऑफिस मुंबईला. घरूनच काम चालतं आता, महिन्यातून एकदोनदा बोटीने जाऊन यायचं. काकूंच्या खोलीत तिने टेबल मांडलं, मोठा काळा डबा आणला. मला ती मंदाताई म्हणायची, मी तिला अनघाताई. काका इतके खूश होते की शनिवार नसतानाही बिजागऱ्यांना तेल द्यायला लागले.

आल्याआल्या काकांनी तिचा प्रिंटर उघडला. तो परत कागद ओढेना. अनघाताई हसत होती, पण आवाज हसरा नव्हता. "बाबा, हे शेवटचं हं. माझ्या कॉम्प्युटरला हात लावलात ना, तर त्याच दिवशी बोटीत बसेन. माझी नोकरी आहे त्याच्यावर." काका म्हणाले, "मी कशाला लावतोय!" आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत खिशात होता.

पण तो कॉम्प्युटर हळू चालायचा. अनघाताई दिवसभर त्याच्यावर चिडायची. "शी! किती रखडतोय. इथे राहून नाही जमायचं बहुतेक. मुंबईला खोली बघावी लागेल." ती सहज बोलायची. काकांचा घास हातात थांबायचा. मी वाढायला उभी असायची, मला दिसायचं.

एक दिवस ती कामासाठी मुंबईला गेली, राहणार होती. तिची बोट सुटली असेल नसेल, काकांनी ओटीवर वर्तमानपत्र पसरलं. "मंदे, विजेरी!" मी बघितलं तर पुढ्यात तो काळा डबा. मी दारातच थांबले. "काका, ताई रागावतील." "रागावत नाही. आली की धावायला लागलेला असेल, तेव्हा नाचेल. ही बघ, मेमरी आणलीय." कागदात गुंडाळलेली लांबट हिरवी पट्टी होती, तिच्या कडेला बारीक सोनेरी दात. अशीच एक पट्टी आत आधीपासून होती, ती काढून, पुसून परत लावायची आणि तिच्या शेजारी नवी बसवायची, म्हणजे कॉम्प्युटर दुप्पट पळतो, असं काकांनी मला समजावलं.

जुनी पट्टी बाहेर आली तर तिचे दात काळेहिरवे पडले होते. खाचेतही तसंच. काकांचा चेहरा एकदम फुलला. "हेच! म्हणून रखडतोय. गंज! खारा वारा इथेही शिरला, लेकाचा." बोटाने घासून बघितलं, निघेना. खोडरबराने घासलं, थोडं निघालं. मग मान वर करून म्हणाले, "मंदे, आमसूल आण."

"आमसूल?" मी म्हटलं. "तांबंच आहे की ते आत. तांब्याला काय लावतो आपण? समई कशाने उजळते?" मी आत गेले, बरणीतली चार आमसुलं वाटीत घेतली, कोमट पाणी ओतलं, कुस्करली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे तांब्यापितळेला तेच लावतात, आणि काका म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. काकांनी कापसाचा बोळा त्या लाल पाण्यात भिजवून आधी पट्टीचे दात पुसले. ते लखलखले. मग काडीला कापूस गुंडाळून खाचेत घातला आणि आत फिरवला, पुनःपुन्हा भिजवून. मी विजेरी धरली होती. हिरव्या पाटीवर थेंब पडले, ते त्यांनी बंडीच्या टोकाने टिपले. फुंकर मारली. उन्हात ठेवलं. "उघडलं की कळतं," म्हणाले, आणि दोन्ही पट्ट्या बसवल्या.

चालू झाला. खरंच भराभर चालायला लागला. अनघाताई परत आली, आधी ओरडली, "बाबा, काय सांगितलं होतं मी!" मग तिने तो चालवून बघितला आणि हसायलाच लागली. "अहो, हा तर पळतोय!" काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मंदा होती विजेरीला." मी शिरा केला. दोन-तीन दिवस त्या घरात काकू असतानासारखं वाटत होतं.

मग हवा कुंद झाली आणि एका सकाळी काकूंच्या खोलीतून जळका वास आला. अनघाताई "बाबा!" म्हणून ओरडली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. तिला त्या दिवशी ऑफिसला काहीतरी मोठं काम पाठवायचं होतं. तिने अलिबागच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, गाडी करून ये म्हणाली.

तो आला. काकांनी डबा ओटीवर आणून दिला, पण स्वतः पाटावर बसले नाहीत, झोपाळ्यावर बसले. कॉम्प्युटरवाल्याने डबा उघडला, डोळ्याला भिंग लावलं, नाक जवळ नेलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"हा बोर्ड गेला, मॅडम. ही खाच जळलीय, आणि बाजूच्या बारीक लाईनी आहेत ना, त्या खाल्ल्यात. हिरवं बघा किती आलंय. कायतरी आंबट लावलंय इथे. खारट पण असणार. लिंबूबिंबू लावला काय कुणी?"

अनघाताईने काकांकडे बघितलं. "बाबा?"

"मी मेमरी बसवली फक्त," काका म्हणाले. "तूच बघितलंस ना, कसा पळत होता."

"मेमरी नीटच बसलीय, काका," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "तिचा प्रश्न नाय. पण हे आंबट लागलं कुठून?"

मी वाट बघत होते. काका आता म्हणतील, माल खराब. म्हणाले असते तर मी ट्रे ठेवून आत गेले असते, आणि त्यांचं ते वाक्य आयुष्यभर गोड मानलं असतं. पण समोर भिंग लावलेला माणूस होता. माल खराब नव्हता, हे सगळ्यांच्या देखत उघडं पडलं होतं. वस्तूवर दोष टाकायची सोय राहिली नव्हती. उरली होती माणसं. काकांनी झोपाळा पायाने थांबवला.

"आमसूल असेल," ते म्हणाले. "आपल्याकडे तांब्यापितळेला आमसूलच लावतात." मग म्हणाले, "खोली मंदा पुसते."

एवढंच बोलले. मी लावलं असं काही म्हणाले नाहीत. उरलेलं सगळं बाकीच्यांनी जोडून घेतलं.

कॉम्प्युटरवाला मोठ्याने हसला. "मावशी, कॉम्प्युटर म्हणजे काय समई हाय काय, आमसूल लावून उजळायला?"

अनघाताई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "मंदाताई, तुम्ही आतून पुसलात का तो? घाबरू नका. खरं सांगा फक्त."

मी काकांकडे बघितलं. ते स्क्रूच्या रिकाम्या ताटाकडे बघत होते. मी म्हणाले, "मी... विजेरी..."

"विजेरी काय?"

"जाऊ दे गं अनघा," काका म्हणाले. "तिला काय कळतंय."

चहा गार झाला होता. मी तो आत नेऊन परत तापवला आणि आणून दिला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, चहा झकास आहे.

अनघाताईचं काम वेळेत गेलं नाही. ऑफिसवाले काहीबाही बोलले असतील, कारण तिचे डोळे सुजले होते. दोन दिवसांनी तिने बॅग भरली. नवा कॉम्प्युटर येईपर्यंत जाते म्हणाली. ती काही परत राहायला आली नाही. ज्या बोटीच्या भीतीने काकांनी मला पुढे केलं, त्या बोटीत ती बसलीच. जायच्या आधी तिने काकूंच्या खोलीला कुलूप लावलं आणि मला म्हणाली, "मंदाताई, मागच्या दाराची चावी आता इथे खुंटीवर ठेवत जा. बाबाच उघडतील सकाळी." रागाने नाही बोलली. मी पिन काढायला गेले तर गंजाने घट्ट झाली होती, निघेना. तिनेच काढून दिली.

घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "तू लावलंस?"

"न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"काका व्हते समोर."

"काका व्हते म्हणून तर बोलायचं! आता गप रहा. मोठी माणसं हायत. आपलंच तोंड दिसंल."

कॉम्प्युटरवाल्याने जेट्टीवरच्या चहाच्या टपरीवर ती गोष्ट सांगितली असावी. शेजारच्या बंगल्यातल्या सुगंधाने मला रस्त्यात गाठलं. "काय गो मंदे, कॉम्प्युटरचं सार केलंस म्हणं? फोडणी कशाची दिलीस?" तिच्या बरोबरच्या बायका अशा हसल्या की एकीच्या डोक्यावरची टोपली पडली. पावसाळ्याच्या आत दोन्ही बंगल्यांनी चाव्या परत मागितल्या. एकांनी म्हटलं, आता पाहुणे राहणार आहेत. दुसऱ्यांनी कारण सांगितलंच नाही. जाऊ परत "अगो ए" म्हणायला लागली.

मी वाडीतलं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, बघा, चूक होती म्हणून गेली. आणि काका एकटे होते. हे खरं कारण आहे की खोटं, मला अजून ठरवता येत नाही. सकाळी जाऊन दाराशी उभी राहायची. कधी कधी काका उठलेले नसायचे. मग पायरीवर बसून राहायची.

त्यानंतर काकांनी मला खूप दिलं. नारळ दिले, सुपारी दिली. भाऊबीजेला बोलावून साडी दिली, चांगली, काठाची. मी ती नेसले नाही, सुनेला देऊन टाकली. जे मला हवं होतं ते त्यांच्याजवळ एका वाक्याचं होतं. अनघाताईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ते झोपाळ्यावर बसून बोलायचे, मी भाजी निवडत असायची. हवा कशी आहे, आंबा मोहरला का, सगळं बोलायचे. माझे कान तिथेच असायचे. ते वाक्य कधी आलं नाही.

वस्तू उघडणं जवळजवळ बंद झालं होतं. एकदाच, माजघरातला पंखा आवाज करायला लागला म्हणून त्यांनी तो उतरवून घेतला. "मंदे, विजेरी." मी जाऊन बसले. त्यांनी एक स्क्रू काढला. स्क्रू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मंदे, तो कॉम्प्युटर..."

मी विजेरी अजिबात हलू दिली नाही. "काय काका?"

त्यांनी पंख्याच्या पोटात बघितलं. मग म्हणाले, "काही नाही. माल खराब होता."

मी स्क्रू ताटात ठेवला.

पुढे ते अंगणात पडले, खुबा मोडला. अलिबागला दवाखान्यात थोडे दिवस काढले, मग अनघाताई मुंबईला न्यायला आली. घर बंद करायचं ठरलं. भांडी मी आमसुलाने घासून, कोरडी करून फडताळात लावली. तिने सगळ्या दारांना कुलपं लावली आणि चाव्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला. मी पिशवी घेऊन जेट्टीपर्यंत गेले. काका चाकांच्या खुर्चीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, पण खिसा रिकामा. अनघाताईने स्क्रू ड्रायव्हर घरातच ठेवला होता.

जेट्टीवर बोट लागलेली होती. लोक चढत होते. एकदम काका म्हणाले, "अनघा, चावी मंदाकडे दे."

"बाबा, आपण माणूस ठरवलाय ना वाडीला."

"मंदाकडे दे. मंदाला कळतं."

किती वर्षांनी ते वाक्य ऐकत होते मी. अनघाताई माझ्याकडे बघून हसली, म्हातारी माणसं बोलतात तसं बोलताहेत, असं. "हो बाबा, कळतं मंदाताईंना. चला आता."

मी खुर्चीसमोर उभी राहिले. वाट अडवून उभी राहिले म्हटलं तरी चालेल, मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते. मला वाटलं, आता पुढचं बोलतील. का कळतं, कशावरून कळतं, ते बोलतील. मुलगी समोर होती. मागे सुगंधा होती, टपरीवाला होता, सगळे होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी खोटं लिहिणार नाही. ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ह्या चाकाला तेल नाही. बघ कसं वाजतंय."

मी बाजूला झाले. बोटीवरच्या माणसांनी खुर्ची उचलून आत नेली.

अनघाताईने त्यांना काचेजवळ बसवलं. मी जेट्टीच्या कडेला जाऊन थांबले, काच समोर येईल अशी. बोट थोडी हलली. काका दिसले. पुढच्या सीटच्या पाठीला एक स्क्रू सैल झालेला असावा, कारण ते पुढे वाकून अंगठ्याच्या नखाने तो पिळत होते. नख घसरत होतं, ते परत लावत होते. वर बघतील म्हणून मी हात उचलून ठेवला होता.

बोट वळली तरी त्यांची मान खालीच होती.